नखातला कवळा

खोपट, ठाणे
रविवार, २६ जून १९९४

मालूबाय,

सात वर्षं लिहीन लिहीन म्हणतोय. तीन वेळा तर कागदसुद्धा आणला. पहिला कागद इंदूरच्या रस्त्यावर ट्रकची काच पुसण्यात गेला, तेव्हा मी क्लीनर होतो. दुसऱ्यावर एका माणसाने मला कामाचा पत्ता लिहून दिला. तो शोधण्यात चार महिने गेले, आणि निघाली सर्कस. तीही तोवर तंबू उचलून पुढच्या गावी गेलेली. तिसऱ्या कागदावर मी ‘मालूबाय’ एवढंच लिहिलेलं. तो कागद अजून माझ्याकडे आहे. आज त्याच्यावरच पुढे लिहितोय. तुझं नाव निळ्या शाईत आणि बाकी सगळं काळ्या शाईत दिसेल ते त्यामुळे.

मी हल्ली ठाण्यातच असतो. खोपटला, एस.टी. डेपोच्या मागे खोली आहे. काम वागळे इस्टेटमध्ये, टेबलपंख्यांच्या जाळ्यांना रंग मारायचा. म्हणजे कल्याणला तुझ्या दारात यायला मला फार तर तास लागेल. हे लिहिलं आणि हात थांबला बघ. सात वर्षं, आणि एक तास.

आता का लिहितोय? परवा जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या फाटकाशी शहापूरकडची एक बाई टोपली घेऊन बसलेली. टोपलीत कवळा. मी ओळखलाच नाही आधी, इतका काळ झाला. मग ती चिंचेच्या पानाची तान्ही पिल्लं असावीत तशी बारीक पानं दिसली. सगळी मिटलेली. आणि मला एकदम आपला बांध दिसला. तू पुढे, मी मागे, तुझा ओचा वर खोचलेला. तू म्हणायचीस, कान्ह्या, हात लाव, पण हळूच. मी हात लावायचो आणि पानं हळूहळू मिटायची, लाजाळूसारखी धाडकन नाही, विचार करून करून. तू म्हणायचीस, आयची हाक ऐकू आली त्यांना, निजायला चालली. मी ते किती वर्षं खरं मानलं माहीत आहे? अजून थोडं मानतो.

आणि मग आय आठवली. तू विधवा झालीस त्या वर्षीची. एप्रिलमध्ये आनंदा काविळीने गेला, आणि जून लागल्यावर आयने मला समोर बसवलं. “कान्ह्या, बाईचा घरवाला गेला कं तिनं पावसाची रानभाजी खावाची नाय. भावानं सोताच्या हातान बांधावरचा कवळा खुडून नेला कं मंगच तिचं तोंड सुटतं. आपल्यात तसाच हाय. आनि दिस बुडाल्यावर खुडू नको हां. तवा तो निजतं.”

मी नेलेला ना गं कवळा? सत्याऐंशीच्या जुलैत, तुझ्या दारात, पिशवीभर. तुझ्या सासूने काय केलं मग? गोदूबाईंनी पिशवीत डोकावून म्हटलं, “ह्ये कसलं गवत आणलंस रं, आमच्यात शेळी न्हाई.” घाटावरची माणसं, त्यांना खाडीकडचं काय कळणार. मला अपमान वाटला. माणसाला मान असतो की नाही? म्हणून मी बोललो ते बोललो आणि निघालो. 

असो. ते जाऊ दे. मी ठरवलंय, ह्या वर्षी मी परत येतो. बांधावरचा कवळा खुडून, दिवसाउजेडी. ह्या रविवारी नाही, शेजारच्या उत्तमचा पोपट उडालाय, तो शोधायला मी कबूल झालोय. पुढच्या रविवारी नक्की.

तुझा
कान्हा


खोपट
रविवार, १७ जुलै

मालूबाय,

पोपट सापडला नाही. त्यानंतरच्या रविवारी मी डोंबिवलीला, आपल्या गावाकडे, निघालोच होतो, शपथ. पण डेपोत एक कंडक्टर भेटला, मुरबाडच्या गाडीवरचा, त्याचा गळा बसलेला. तो म्हणाला, माझ्याबरोबर चल आणि थांब्यांची नावं ओरड, परतीचा प्रवास फुकट. मी कधी एवढ्या मोठ्याने माळशेजकडच्या गावांची नावं घेतली नव्हती. मजा आली. एक म्हातारी उतरताना म्हणाली, तुझा आवाज कीर्तनाला चांगला आहे. दिवस तिथेच गेला.

पण काल गेलो. गावात गेलो. बसलीयेस ना? कारण बांध नाहीये.

म्हणजे शेतच नाहीये. शेत काकाच्या वाटणीचं, आपल्याला बांधावर खुडायचा तेवढा हक्क, ते ठाऊक होतं. पण काकाच्या मोरूने ते इमारतीला देऊन टाकलंय. मी खाडीकडून चालत आलो, आंब्याच्या खुंटापाशी वळलो, आणि समोर लाल मुरूम. पार खारफुटीपर्यंत लाल. मोरू तिथे छत्री घेऊन उभा होता. सुटलाय, अंगठी घालतो आता.

“कवळा?” तो हसायलाच लागला. “अरे दादूस, सात वर्सांनी आलास आनि भाजी मांगतंस? हितं आता चार मजले येतान.”

“बांध कुठाय?”

“तू उभा हाईस तोच. सा फूट खाली.”

मी पायाखाली बघितलं. मी एक पाय उचलला, मग दुसरा उचलायचा म्हणून पहिला ठेवावा लागला.

तुला आठवतं, आनंदा पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला आलेला ते? तेव्हा तो वागळे इस्टेटमध्ये लेथवर होता आणि सुट्टीच्या दिवशी खाडीवर गळ टाकायला यायचा. गळाला मासा कधीच लागला नाही. तू लागलीस, असं आय म्हणायची. तर तो ओटीवर बसलेला, मांडी घालून, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. आयने कवळा वाढला, जवळा घालून. त्याने विचारलं, “ह्यात मासा नाही ना, शनिवार आहे माझा.” आय म्हणाली, “जवला म्हंजे मासा नाय रं पोरा, जवला म्हंजे मीठ.” त्याने विश्वास ठेवला! तीन वाट्या खाल्ल्या. शेवटी वाटी बोटाने पुसली. तू दाराआडून हसत होतीस आणि मी तुझ्याकडे बघून हसत होतो आणि तो बिचारा आपल्याला भाजी आवडली म्हणून हसतायत असं समजून हसत होता. त्यानंतर दर पावसाळ्यात तो तीच मागायचा. लग्नानंतरही. तू कल्याणहून यायचीस आणि खुडून न्यायचीस, आणि त्याला म्हणायचीस, घाटावरच्याला खाडीचं वेड लागलं.

मुद्द्यावर येतो. मोरू गेल्यावर मी तिथेच बसलेलो, तेव्हा डंपरवाला आला, कुंडलिक म्हणून. त्याच्याकडे थर्मास होता, मला झाकणात चहा दिला. मी त्याला सगळं सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक, अनोळखी माणसाला सांगणं सोपं जातं. तो म्हणाला, “मुरूम टाकायच्या आधी वरची काळी माती खरवडून नेलीय ना मे महिन्यात. बागेला लागते ती. मीच नेली. एक खेप मुलुंडला, दोन वागळे इस्टेटला.”

“वागळेला कुठे?”

“कारखाने काय नाव बघून ओळखतो का मी? मोठं निळं फाटक होतं. फाटकाशी बाग करणार होते.”

मालूबाय, कवळा दर वर्षी मरतो. झाड राहत नाही, मूळ राहत नाही. बी तेवढं मातीत पडून राहतं पुढच्या पावसापर्यंत. म्हणजे माती जिथे गेली तिथे तो गेला. बरोबर ना? शाळा मी सातवीतच सोडली, पण एवढं तर कळतं.

मी निळं फाटक शोधतो.

कान्हा


खोपट
रविवार, ७ ऑगस्ट

मालूबाय,

बुधवारी पोस्टकार्ड आलं. मला वाटलं तुझंच. अक्षर वेगळं निघालं, प्रत्येक अक्षरावर ठसठशीत रेघ. इथे उतरवून काढतो, म्हणजे तिने काय लिहिलं ते तुलाही कळेल, तिने तुला विचारून लिहिलं नसेल तर.

‘कान्हामामा यास. मी तुळसा. सातवीत आहे. तुमची पत्रं आली की आई फडताळात ठेवते आणि कामाला लागते. मग मी काढून मोठ्याने वाचते. आई भांडी घासते पण पाणी बंद ठेवते. आजी पण ऐकते. आजी म्हणाली, मी त्या भाजीला गवत म्हटलंच नव्हतं, मी तेव्हा गावाला होते, जुन्नरला. आईला विचारलं तर तिने नळ सोडला. मामा, खरं काय ते लिहा. आणि पोपट कुठल्या रंगाचा होता?’

पोपट हिरवाच होता गं तुळसा, अजून काय असणार.

बरं. खरं.

तुझी सासू त्या दिवशी घरात नव्हती. घरात तू होतीस, तुळसा होती पाच वर्षांची, आणि तुझ्या दोन शेजारणी. गवत वगैरे कुणी काही म्हटलं नाही. ते मी नंतर बनवलं. इंदूरच्या रस्त्यावर एकदा ड्रायव्हरला सांगितलं, मग दुसऱ्याला सांगितलं, आणि चौथ्या-पाचव्या वेळेला मला ते दिसायलाच लागलं, गोदूबाई पिशवीत डोकावतायत वगैरे. त्यांची माफी मागतो. ऐकत असतील तर, मावशी, चुकलो.

मी त्या दिवशी सकाळी बांधावर जायला निघालो होतो, हे खरं. आय दारात उभी राहून बघत होती, हेही खरं. पण वाटेत मला कबड्डीचे पोरगे भेटले, कल्याणला सामने होते आणि त्यांचा एक गडी कमी होता. मी म्हटलं, दोन तास, मग परत येऊन खुडतो. तुला माहीत आहे माझे दोन तास. मी चांगला खेळलो त्या दिवशी. हे लिहायला नको होतं, पण खरं लिही म्हणाली तुळसा. लोक माझं नाव ओरडत होते. शेवटची शिट्टी झाली तेव्हा पाच वाजलेले. डोंबिवलीला जाऊन खुडून परत येईपर्यंत दिवस बुडाला असता.

मी बाजारात गेलो आणि कवळ्याच्या चार जुड्या विकत घेतल्या. सुतळ्या सोडल्या, पिशवीत सुटा भरला, वर थोडं पाणी मारलं. आणि तुझ्याकडे आलो. म्हटलं, बांधावरचा.

तू पिशवी परातीत उलटी केलीस. दांडे तळाशी विळ्याने सपाट कापलेले, आपण नखाने खुडतो. ते बघितलंस. मग पाणी द्यायला आलीस, आणि मी तांब्या घेताना माझा हात धरलास. मला वाटलं मायेने धरलास. तू माझा अंगठा उलटा केलास आणि नख बघितलंस.

कवळा खुडला की नख आधी हिरवं होतं आणि मग काळं, आणि आठवडाभर जात नाही. आयचं तर पावसाळाभर काळंच असायचं. माझं पांढरं होतं. मैदानातली माती होती थोडी.

तू हात सोडलास. भाजी निवडलीस, चिरलीस, लसूण घातलास, शेजारणींना वाढलीस, तुळसाला भरवलीस, मला वाढलीस. स्वतःच्या ताटात आमटी-भात घेतलास. शेजारीण म्हणाली, “मालू, भावानं आणलीय ना, घे की आता.” तू म्हणालीस, “मी नाय खात.” बास. एवढंच. मला सगळ्यांसमोर उघडं करू शकली असतीस, केलं नाहीस. आणि त्याचाच मला राग आला. मी ताट सरकवलं आणि तुझ्या कपाळावरून बोललो. काय बोललो ते तुला माहीत आहे. तुळसा हे वाचतेय म्हणून लिहीत नाही. एवढंच लिहितो की कुठल्या बाईला बोलू नये ते मी माझ्या बहिणीला बोललो, नवरा जाऊन तीन महिने झाले नव्हते.

आय गेली तेव्हा मी आलेलो. एक्याण्णवमध्ये. तू बघितलंस का माहीत नाही. मी होड्यांच्या पलीकडे उभा होतो. तू वळून बघशील असं वाटलं आणि मी खाली बसलो.

तू अजून खात नाहीस का गं? दर पावसाळ्यात हाच विचार येतो. मी स्वतःला सांगायचो, छे, खात असेल, कोण एवढं लक्षात ठेवतं. पण आपल्या घरात तू एकटीच आहेस, जी लक्षात ठेवते.

निळी फाटकं वागळे इस्टेटमध्ये किती आहेत माहीत आहे? मी आतापर्यंत एकवीस बघितली.

कान्हा


खोपट
रविवार, ४ सप्टेंबर

मालूबाय, तुळसा, आणि मावशी (कारण ऐकताय हे आता मला माहीत आहे),

सापडला.

एकविसानंतर मी मोजायचं सोडून दिलं होतं. मध्ये एका फाटकावर मला उलट कामाला ठेवायला निघाले, मी तीन दिवस गेलोही, बाटल्यांची झाकणं तपासायला. मग आठवलं मी काय शोधतोय. शेवटी कुंडलिकच परत भेटला, डेपोसमोर पंक्चर काढत बसलेला. मी त्याचा जॅक धरला आणि तो म्हणाला, “अजून शोधतोयस? वेडा आहेस का तू? चल, दाखवतो.” डंपरमधून गेलो.

निळं फाटक आता निळं राहिलंच नाहीये, गंजून लाल झालंय. कारखाना जूनपासून बंद. बाग झालीच नाही. आत एक पहारेकरी बसतो, दगडू. बिडी ओढत बसलेला. त्याला म्हटलं, तुमच्या मातीत माझी भाजी आहे. तो म्हणाला, “रोज कुणी ना कुणी येतं. कुणाचा पगार आहे आत, कुणाची सायकल आहे. भाजीवाला तू पहिलाच. जा बघ.”

फाटकाच्या आत भिंतीला लागून मातीचा ढीग, कुणी पसरलाही नाही. वर टाकळा माजलेला कमरेइतका, आघाडा, एक भोपळ्याचा वेल. मला वाटलं फुकट. मग टाकळा बाजूला केला आणि खाली, ओलीत, ढिगाच्या उतारावर, तो होता. चांगला दोन चादरींएवढा पसरलेला. मातीत शिंपल्या होत्या मालूबाय, आपल्या खाडीच्या, त्या पांढऱ्या चपट्या. वागळे इस्टेटमध्ये शिंपल्या कुठून येणार? एक शिंपली ह्या पाकिटात घातलीय तुळसासाठी.

मी हात लावला. हळूच. पानं मिटली. विचार करून करून.

पण तो फुललाय. पिवळी फुलं आली आहेत, दांडे ताठ झालेत. मी एक दांडा वाकवून बघितला तर कडक तुटला. कोवळेपणा जुलैतच संपला, मी तेव्हा मुरबाडच्या गाडीत नावं ओरडत होतो. असा जून कवळा कुणी खात नाही, आय तर गुरांनाही द्यायची नाही. तेव्हा मी काही खुडला नाही. तसाच बसून राहिलो त्याच्याजवळ. दगडू येऊन शेजारी बसला. त्याने विचारलं, ह्याचं करतात काय? मी सांगायला लागलो आणि सांगता सांगता मला आयच्या हातचा वास आला, लसूण आणि हिरवं आणि थोडा धूर. दगडू म्हणाला, “तुला रडायचं असेल तर मी फाटकावर जातो.” चांगला माणूस आहे.

मी असं ठरवलंय. बी धरू दे. ह्याची शेंग फुलाच्याच वाटीत घडी घालून बसते, बाहेरून दिसत नाही, सुकल्यावर चोळून काढावी लागते. ती मी काढीन, आणि पुढच्या जूनमध्ये कुठेतरी पेरीन, डब्यात पेरीन, डेपोच्या भिंतीला पेरीन. आणि कोवळा असतानाच खुडून आणीन. चालेल का? सात वर्षं थांबलीस, आठवं मागायला मला तोंड नाही. तरी विचारतो. नुसतं ‘हो’ लिहून पाठव, तुळसाच्या अक्षरात चालेल.

कान्हा


खोपट
रविवार, २५ सप्टेंबर

मालूबाय,

‘हो’ आलं नाही. ‘नाही’ पण आलं नाही. तुळसाचंही कार्ड नाही. मी डेपोत रोज पोस्टमनला विचारतो, तो आता मला बघून रस्ता बदलतो.

आणखी एक गोष्ट झाली. काल दगडू माझ्या कारखान्याच्या फाटकावर आला, मला शोधत. म्हणाला, दसऱ्यानंतर जागा साफ करणार आहेत, कुणी नवा मालक येतोय. ढीग उचलणार. बी पिकायला अजून महिना तरी लागेल. म्हणजे बीही हाताला लागणार नाही. मी म्हटलं, मूठभर माती उचलून आणतो. तो म्हणाला, माती घेऊन कुठे कुठे फिरशील तू, तुझी स्वतःची खोली तरी वर्षभर राहते का. बरोबर बोलला. मी तीन वर्षांत पाच खोल्या बदलल्या.

मला आता सुचत नाहीये. पत्र लिहायला बसलो कारण निदान हे तरी जमतं. पूर्वी वाटायचं, आपण वाटेत गुंततो हा आपला स्वभाव, गंमतीचा आहे, लोकांना आवडतो. आता वाटतं, मी प्रत्येक वेळी नेमका त्याच वाटेवर गुंततो जी तुझ्याकडे येते. त्या रस्त्यावर पोपट जास्त असतात का गं?

काल झोपायच्या आधी मनात आलं की आनंदाचे पितर आता आले असतील. तुम्ही पान वाढत असाल. त्याच्या पानावर

थांब, दार वाजतंय. उत्तम असेल, त्याला दुसरा पोपट आणायचाय म्हणत होता.

मालूबाय, उत्तम नाहीये.

तुझ्या सासूबाई आल्यात. गोदूबाई. एकट्या. काठी, पिशवी, पाकिटावरचा पत्ता पदराच्या गाठीत. तुळसाने कल्याणहून एस.टी.त बसवून दिलं आणि कंडक्टरला सांगितलं, खोपटला उतरवा. तुला ‘देवळात जाते’ सांगून निघाल्यात, असं म्हणतात. मी स्टूल दिलं, ते हलतं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“तूच का रं मालूचा भाऊ? पार वाळलास की. हात दाखव.”

मी दोन्ही हात पुढे केले.

“आंगठा. नख बघू.” त्यांनी डोळ्याजवळ नेऊन बघितलं. “पांढरं हाय. म्हंजी अजून खुडलाच न्हाईस?”

“जून झालाय मावशी.”

“म्या बी झाले. मला कुणी टाकून दिलं का? सुनंनं कुकर कशाला घेतलाय? चार शिट्ट्या जास्त घ्यायच्या.”

मी म्हटलं, मालू खाईल का पण? तर त्यांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाल्या, “सात वर्सं ती पावसाळाभर डाळीवर काढती. आम्हाला बाजारातली रानभाजी करून घालती, सोता शिवत न्हाई. मला वाटायचं, हिला पाला आवडत न्हाई. सांगती का कुणाला? तुझं पत्र वाचलं पोरीनं, तवा कळलं मला.” आणि मग विचारलं, हळू आवाजात, “आनंदा खायचा का रं ती भाजी?”

“तीन वाट्या. बोटाने वाटी पुसायचा.”

“तो असताना म्या गावालाच असायची, मला कुणी बोललंच न्हाई. सात वर्सं त्याच्या पानावर मी मेथी वाढतीय.”

त्यांनी पदराने नाक पुसलं. मंगळवारी त्याचं पान आहे, तेव्हा त्यांना कवळ्याची भाजी हवी आहे. त्यात जवळा नको म्हणतात, पितरांना वास येतो. मी म्हटलं, जवळा म्हणजे मासा नाही मावशी, जवळा म्हणजे मीठ. त्यांनी काठी उचलली.

मी चहा टाकायला निघालो, तर म्हणतात चहा नको. मी म्हटलं, निदान पत्र पुरं करून पोस्टात टाकतो. तर म्हणतात, “पत्र कसलं टाकतोस, मानूस चाललंय की तिकडंच. माझ्यासंगं चल आणि हातात दे.” रिक्षा दारात उभी आहे, त्यांनीच थांबवून ठेवलीय, आणि माझ्या दंडाला धरून उठवतायत. कुठेही थांबायचं नाही म्हणतात. आधी निळं फाटक, मग कल्याण.

मालूबाय, दिवस अजून हातभर वर आहे.